तोच प्रश्न, त्याच शब्दांत

लोक आपल्या कामधंद्याविषयी खोटं सांगतात, असं बाहेरच्यांना वाटतं. आयुष्यभर लोकांना हेच विचारत फिरल्यावर माझं मत थोडं वेगळं झालं आहे. खोटं बोलणारे फार थोडे असतात. बाकीचे जे सांगतात ते त्यांना त्या घटकेला खरंच वाटत असतं, आणि आमची पंचाईत तिथूनच सुरू होते.

चेन्नईत मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या एका गल्लीत, पितळी समया विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची संस्था आहे. मी गेल्या वर्षी तिथून निवृत्त झाले. कोण काम करतं, कोणतं करतं, ते कसं मिळालं आणि का सुटलं, याचा अभ्यास करणं हे संस्थेचं काम. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इकडे आले, अर्थशास्त्राची पदवी ट्रंकेत घेऊन. तमिळ शिकले भाजीवालीकडून. त्यामुळे माझं तमिळ व्याकरणात कच्चं आणि घासाघिशीत पक्कं आहे, असं ऑफिसातले म्हणत.

संस्था स्वतंत्र आहे, म्हणजे सरकारची नाही आणि कारखानदारांचीही नाही. कागदावर हे फार भारदस्त दिसतं. दारात उभं राहून सांगायची वेळ आली की त्याची शोभा होते.

"सरकारकडून आलात?"

"नाही."

"कंपनीकडून?"

"नाही."

"मग पार्टीकडून?"

"नाही हो. आम्ही कोणाचेच नाही."

यावर समोरची बाई दार थोडं आणखी लोटून घ्यायची. जो कोणाचाच नाही त्याला घरात घ्यायचं कशाला, हा तिचा विचार काही चुकीचा नव्हता. मग पुढचा प्रश्न हमखास यायचा: "नोकरी लावून देणार का?" तेही नाही म्हटल्यावर आमच्या हातात सांगण्यासारखं काही उरायचं नाही. तरीही बहुतेक घरं आत बोलवायची आणि पंखा लावायची, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

आमची पद्धत अशी. आम्ही दरवर्षी त्याच घरांत जायचो. नवी घरं नाहीत, तीच. एका वर्षी कोण काय करतो हे विचारून फार काही कळत नाही. तोच माणूस पुढच्या वर्षी कुठं आहे, यात खरी गंमत. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं बसवून विचारायचं, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं. आधी त्याच्या स्वतःच्या कामाबद्दल, मग घरातल्या इतरांच्या. आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कधीही सांगायचं नाही. प्रश्न छापल्या शब्दांतच विचारायचा, सल्ला द्यायचा नाही, हळहळायचंही नाही.

उत्तरं जुळली नाहीत तर काय करायचं, याचाही नियम होता. स्वतःच्या कामाबद्दल ज्याचं त्याचं म्हणणं अखेरचं. पण दुसऱ्याच्या कामाबद्दल सांगताना ज्याचं उत्तर जुळलं नाही, त्याला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, फक्त एकदा पुन्हा विचारायचा. कारण सांगायचं नाही. बऱ्याचदा माणूस घाईत चुकतो आणि दुसऱ्यांदा नीट सांगतो, एवढाच त्यामागचा हेतू होता.

अण्णा नगरात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या यादीत होते. स्वतःच्या कामाचं विचारलं की ताठ बसून सांगत, "पूर्णवेळ कार्यरत." म्हणजे काय, तर ते त्यांच्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि दिवसभर पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत असत. त्यांच्या मते ते काम, म्हणून आम्हीही तसंच लिहीत होतो. पत्नीचं विचारलं तर म्हणाले, "ती काही करत नाही. घरी असते." आतल्या खोलीत त्या बाई कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या मुलींना वीणा शिकवत होत्या, पहाटेपासून शिकवण्या असत, आणि तसं त्यांनी आमच्या माणसाला सांगितलंही होतं. नियमाप्रमाणे गृहस्थांना पुन्हा विचारलं, "तुमच्या पत्नी कोणतं काम करतात?"

"मला ऐकू येतं," ते म्हणाले. मग मान वळवून आत हाक दिली, "काय गं, तू काय सांगितलंस यांना?"

ऑफिसात आम्ही यावर खूप हसलो. दोनदा विचारलं की समोरचा काय ओळखतो, हे त्यांनी आम्हाला तेव्हाच दाखवून दिलं होतं. आम्ही ती हसण्याची गोष्ट म्हणून ठेवली.

ज्यांच्याबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे त्यांच्याकडे नेणारी बाई म्हणजे आमची यमुनाक्का. ती मैलापूरचीच, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिचं मराठी पिढ्यान् पिढ्या तमिळच्या शेजारी राहिलेलं. मी पहिल्या दिवशी तिच्याशी मराठीत बोलले तेव्हा ती म्हणाली, "तुमचं मराठी फार धावतं. मजला जरा सावकाश सांगा." घरोघर जाऊन विचारणाऱ्यांत तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. कॉफी घ्यायची नाही, फक्त पाणी चालेल, असा नियम होता. यमुनाक्का प्रत्येक घरी ताक प्यायची आणि ते पाण्यातच धरायची.

चेन्नईबाहेर, ओरगडमच्या कारखान्यांच्या अलीकडे, पडप्पैच्या बाजूला, तिच्या यादीत एक घर होतं. कुमरेसन, त्याची बायको सेल्वी, शाळेत जाणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळत चाललेली त्याची आई. कुमरेसन ओरगडमला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला. सेल्वी तांबरमजवळ परदेशी जाणारे कपडे शिवणाऱ्या कंपनीत मशीनवर. पहिल्या फेरीपासून ते घर आमच्याकडे होतं. आम्ही यायच्या सुमाराला कुमरेसन स्वतःच खुर्च्या लांब लांब मांडून ठेवायचा. आमची पद्धत त्याला पाठ झाली होती.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या फेरीत यमुनाक्कानं त्या घरून येऊन टॅबलेट माझ्यापुढे ठेवला. त्यावर त्या घरासमोर लाल खूण उमटलेली, म्हणजे उत्तरं जुळलेली नाहीत. अशा घरी मग फेरतपासणीला मला जावं लागे.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोघांनीही मजला सांगितलं, नलिनीताई. एकमेकांस नाही सांगितलं," ती म्हणाली. "पापम्, बिचारा तो मनुष्य. आणि तीही."

झालं होतं असं. कुमरेसनचं काम कधीचंच गेलं होतं. त्याला कायम करणार अशी कारखान्यात बोलवा होती, आणि त्या आनंदात त्यानं होण्याआधीच घरी सांगून टाकलं की झालो. पुढे कायम करणं राहिलंच, ठेकेदाराची माणसंच कमी केली, त्यात हा गेला. घरी सांगायला त्याची जीभ रेटेना. रोज सकाळी तो कारखान्याचा राखाडी युनिफॉर्म घालून, डबा घेऊन निघायचा आणि ओरगडमच्या गोदामांपाशी माल उतरवायला कोणी बोलावतं का याची वाट बघत बसायचा. हे त्यानं यमुनाक्काला बसस्टॉपवर नेऊन सांगितलं.

त्याच दिवशी स्वयंपाकघरात सेल्वीनं तिला दुसरी गोष्ट सांगितली. मशीनवर वाकून तिचा खांदा गेला होता आणि सासूला दिवसभर माणूस हवं होतं. कुमरेसन नेहमी म्हणायचा, मी कायम झालो की तू काम सोड. आता तो कायम झालाच होता. येत्या सोमवारी ती नोकरी सोडत असल्याचं कंपनीत सांगणार होती, आणि मगच नवऱ्याला कळवणार होती. त्याचा शब्द खरा झाला हे त्याला आयतंच कळावं, अशी तिची हौस होती.

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळावी म्हणून सांगते. कपड्यांच्या त्या कंपन्यांना मशीनवर कोवळ्या पोरी हव्या असतात. जुनी बाई चालू असेल तोवर चालवून घेतात, पण चाळिशीकडे झुकलेल्या बाईनं एकदा मशीन सोडलं की तिला परत घेत नाहीत. आमच्या टेबलावर वर्षानुवर्षं हे दिसत होतं. सोमवारनंतर त्या घरात एकही पगार येणार नव्हता, आणि हे त्या घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी संचालकांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. मितभाषी, सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आपण एकाचं दुसऱ्याला सांगितलं, तर पुढच्या वर्षी कुठलं घर आपल्याशी खरं बोलेल?" ते म्हणाले.

"आणि नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी त्या बाईला आपण बेकारांत मोजू," मी म्हटलं. "अगदी अचूक मोजू."

त्यांना ते लागलं असावं. चष्मा काढून ते पुसत बसले. मग म्हणाले, "फेरतपासणी तुमच्याकडेच आहे. नियमाप्रमाणे करा."

मला राग आला होता, पण तो त्यांचा नव्हता. नियम बरोबर होता. या नियमानं मला पूर्वीही छळलं होतं. एका घरातली मुलगी ज्या कामाचं शिक्षण घ्यायला निघाली होती ते काम त्या भागातून उठत चाललं होतं, आणि मी तिला पुढचा छापील प्रश्न विचारून उठून आले होते. तेव्हाही नियम बरोबर होता. ती मुलगी मला अजून आठवते.

रविवारी सकाळी मी आणि यमुनाक्का तांबरमहून बस धरून पडप्पैला गेलो. वाटेत ती एकदाच बोलली. "काही सांगणार आहां काय त्यांस?" मी नाही म्हटलं.

कुमरेसननं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्याची आई आतल्या खाटेवर होती आणि मुलगी तिला इडली कुस्करून भरवत होती. मी आधी सेल्वीला घेऊन मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडावर ती बसली, मी स्टुलावर. दोरीवर तो राखाडी शर्ट वाळत होता. ती स्वतःबद्दल यमुनाक्काला सांगितलेलंच बोलली, सोमवारचंही. मग मी विचारलं, "तुमचे पती सध्या कोणतं काम करतात?"

"ओरगडमला, कंपनीत. कायम झालेत," ती म्हणाली. सांगताना तिनं पदर सारखा केला.

स्वतःबद्दल कुमरेसनचं म्हणणं अखेरचं होतं आणि हे त्याच्याशी जुळत नव्हतं. मी नजर टॅबलेटवर ठेवली आणि पुन्हा म्हटलं, "तुमचे पती सध्या कोणतं काम करतात?"

मग तेच उत्तर तिनं पुन्हा दिलं, आधीपेक्षा मोठ्यानं. मला वाटलं, आपल्यावर विश्वास नाही म्हणून बाई दुखावली. मला तिच्याकडे बघवेना.

मग कुमरेसन. तो पुढच्या पायरीवर बसला होता. स्वतःबद्दल हळू आवाजात खरं तेच बोलला: काम नाही, मिळेल तेव्हा माल उतरवतो. मी पुढचा प्रश्न वाचला. "येत्या वर्षात घरातल्या इतर कोणाच्या कामात बदल होणार आहे का?"

"नाही मॅडम. सेल्वीचं चालू आहे. चालूच राहील," तो म्हणाला. "तेवढंच तर आहे."

सेल्वीचं म्हणणं वेगळं होतं. स्वतःच्या कामाबद्दल तिचं अखेरचं. नियम मला एकच गोष्ट करू देत होता आणि ती मी केली. शब्द बदलला नाही, आवाज चढवला नाही.

"येत्या वर्षात घरातल्या इतर कोणाच्या कामात बदल होणार आहे का?"

कुमरेसन उत्तर द्यायला निघाला आणि तसाच थांबला. माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या फेऱ्यांत त्यानं आम्हाला जेवढं ओळखलं होतं तेवढं आम्ही स्वतःला ओळखलं नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही दुसऱ्यांदा कधी विचारता ते मला माहीत आहे."

"मी काय लिहू ते सांगा," मी म्हटलं.

त्यानं मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं. आत भांडी वाजत होती.

"माहीत नाही, असं लिहा," तो म्हणाला.

मी तसं लिहिलं. आम्ही उठलो. सेल्वीनं दोघींना ताक दिलं, आणि त्या दिवशी मीही ते पाण्यात धरलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात माझा हात कितीदा फोनकडे गेला. फोन करून विचारणार काय? फेरीबाहेर घरांशी बोलायचं नाही, हाही नियमच. सेल्वीनं सोडलं की नाही, कुमरेसननं सांगितलं की नाही, हे कळायला मला पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं होतं. आमच्या धंद्यात गोष्टीचा शेवट कळायला वर्ष लागतं, आणि कित्येकदा मधल्या काळात घरच दुसरीकडे राहायला जातं.

सरांना मात्र मी सगळं सांगितलं. जुन्या घरांनी आपला नियम ओळखलाय, दोनदा विचारणं म्हणजे एकाचं दुसऱ्याला सांगणंच झालं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. अण्णा नगरच्या गृहस्थांचीही मी त्यांना आठवण करून दिली. या वेळी ते हसले नाहीत. आपण इतकी वर्षं लोकांची गुपितं जपतोय असं समजत होतो, म्हणाले. त्यांनी तो नियम काढून टाकला. आता उत्तरं जुळली नाहीत तर तशीच लिहून ठेवतात. त्या दिवशी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "नलिनीताई, मी हा नियम पडप्पैच्या आधी काढला नाही, हे बरं झालं," ते म्हणाले. एवढं वैयक्तिक ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

पुढची फेरी माझी शेवटची. मला कुठल्याच घरी जायची गरज नव्हती, पण यमुनाक्का पडप्पैला निघाली तेव्हा मी पर्स उचलली. तिनंही काही विचारलं नाही.

कुमरेसन घरी नव्हता, मुलीला घेऊन बाजारात गेला होता. खुर्च्या मांडलेल्या होत्या. म्हाताऱ्या आईची खाट आता पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आली होती आणि शेजारची एक बाई तिच्याजवळ बसली होती. सेल्वी कामावर असताना तीच बघते, असं कळलं. म्हणजे सेल्वी कामावर जात होती. मला एकदम हलकं वाटलं. तरी मागच्या अंगणात बसून मी सगळं रीतसर विचारलं, तिच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून.

"तुम्ही सध्या कोणतं काम करता?"

"शिवणकाम. तिथंच, त्याच मशीनवर."

"तुमचे पती सध्या कोणतं काम करतात?"

"इथंच पडप्पैला, एका वर्कशॉपात लेथवर आहेत. कायम नाही. पण रोजचं आहे."

मी पुढच्या प्रश्नाकडे वळले, तर ती थांबूनच राहिली. "दुसऱ्यांदा नाही विचारणार, अम्मा?"

"तो नियम काढला," मी म्हटलं.

"गेल्या वर्षी मला दोनदा विचारलं होतंत," ती म्हणाली.

मी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. कुमरेसनला आमची पद्धत पाठ होती हे मला त्याच्या तोंडूनच कळलं होतं. तीही पहिल्या फेरीपासून तिथंच राहत होती, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"काय ते नाही कळलं. काहीतरी आहे एवढं कळलं. म्हणून मोठ्यानं सांगितलं. ते पुढं बसले होते ना, त्यांना ऐकू जावं म्हणून. काय झालंय ते नंतर बघू, पण मी त्यांच्या बाजूची आहे हे त्यांना कळू दे."

"आणि सोमवारी?"

"मी कामावर गेले. मशीनवर बसले. कोणाला काही बोलले नाही."

"मग घरी विचारलंत त्यांना?"

सेल्वीनं मान हलवली. "तुम्ही विचारता अम्मा, ते तुमचं काम आहे. मी नाही विचारलं. ते रोज युनिफॉर्म घालून निघायचे, मी डबा भरून द्यायचे. शर्टाला तेलाचा डाग नसायचा, तरी मी धुवायचे. ऑगस्टात आडी महिना संपत आला तेव्हा एक दिवस सकाळी ते आंघोळ करून आले आणि म्हणाले, आज साधा शर्ट दे."

"तेव्हाही काही विचारलं नाहीत?"

"नाही," ती म्हणाली. "काढून दिला. मी तो कधीचाच इस्त्री करून ठेवला होता."